जुनं फर्निचर, घरचा चॉक पेंट आणि गोव्याची हवा

चॉक पेंट म्हणजे लाकडी सामानाला द्यायचा, खडूसारखा मॅट दिसणारा रंग. त्याचे बहुतेक व्हिडिओ एकच आश्वासन देतात: घासायला नको, प्रायमर नको, डबा उघडा आणि रंगवा. १९९० साली ब्रिटनमध्ये अ‍ॅनी स्लोन यांनी हा रंग बाजारात आणला, तेव्हापासून त्याची ख्यातीच ती आहे. गोव्यात ती जशीच्या तशी लागू पडत नाही. इथे जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागतो तो सप्टेंबर सरेपर्यंत पाठ सोडत नाही, आणि उरलेले महिने किनाऱ्याकडची दमट, खारी हवा असते. लाकूड ही हवा पितं. त्यामुळे रंग कालवणं हे इथलं सगळ्यात सोपं काम. खरी मेहनत लाकूड ओळखण्यात, ते वाळवण्यात आणि त्याचे डाग अडवण्यात जाते.

मी फोंड्याकडे राहते आणि जुन्या घरांतून निघालेल्या खुर्च्या, कपाटं, पेटारे रंगवते. नव्याने सुरुवात करणारे जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे कामाच्या क्रमाने दिली आहेत.

१. आधी कॅलेंडर बघा

आपल्याकडे घर रंगवायची घाई होते ती चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या तोंडावर. पाहुणे येणार, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची, मग ते जुनं कपाटही उरकून टाकू असं वाटतं. नेमका तोच काळ या कामाला सगळ्यात वाईट. भाद्रपदात लाकूड ओलाव्याने फुगलेलं असतं. त्यावर रंग दिला की आतला ओलावा आत कोंडतो, आणि दिवाळीनंतर लाकूड आकसायला लागलं की सांध्यांवर रंगाला बारीक भेगा जातात. शिवाय चपड्याचं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं पॉलिश पावसाळी हवेत पांढुरकं पडतं, हे कुठलाही मेस्त (सुतार) सांगेल.

नोव्हेंबर ते मार्च हा काळ धरा. एप्रिल-मेमध्येही चालतं, पण तेव्हा भर दुपारी काम करू नका. ब्रश उचलायच्या आत रंग सुकतो आणि फटकारे दिसत राहतात. चवथीला कपाट तयार हवं असेल तर ते मेच्या मध्यापर्यंत संपवा.

२. काय घ्यायचं, काय घ्यायचं नाही

जुनं सामान मिळायच्या जागा बऱ्याच आहेत. मोडकळीला आलेली घरं दुरुस्त होताना निघणारं सामान, गोवा सोडून जाणाऱ्या भाडेकरूंच्या ऑनलाइन जाहिराती, भंगारवाले, आणि उत्तर गोव्यात रस्त्याकडेला असलेली जुन्या फर्निचरची दुकानं. दुकानात भाव जास्त, पण वस्तू उलटीपालटी करून बघता येते. जाहिरातीतल्या फोटोवर विश्वास ठेवून आगाऊ पैसे देऊ नका.

बघायला जाताना टॉर्च, मोजपट्टी आणि एक जुना स्क्रू-ड्रायव्हर न्या. वस्तू आडवी करून पाय तपासा. फरशी पुसताना पाणी नेहमी पायांनाच लागतं, त्यामुळे कूज तिथूनच सुरू होते. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पायाच्या तळाशी दाबून पाहा. सहज रुतलं तर पुढे जाऊ नका. खण बाहेर काढून मागची फळी बघा. ती भुशाच्या बोर्डाची असून फुगलेली असेल, तर तेवढी बदलता येते. सगळं कपाटच भुशाच्या बोर्डाचं असेल तर फुकट मिळालं तरी घेऊ नका. फुगलेला बोर्ड पुन्हा बसत नाही, त्यावर कितीही छान रंग द्या. सनमायका लावलेली वस्तू चालते, फक्त तिला पुढचा चपड्याचा हात चुकवता येणार नाही.

बिजागऱ्या आणि खिळेही बघा. खाऱ्या हवेने लोखंड गंजतं आणि तो गंज रंगातून वर येतो. जुने खिळे काढून पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घालायचे हे आताच हिशेबात धरा. पितळी मुठी असतील तर तुमचं नशीब. त्या फेकू नका, चिंचेच्या किंवा सोलांच्या पाण्याने घासा, लगेच स्वच्छ धुऊन कोरड्या करा.

आणि काही वस्तू रंगवूच नका. यावर माझं मत ठाम आहे. शिसवीची कोरीव खुर्ची, वेताची बैठक असलेली लांब हातांची आरामखुर्ची, जुन्या घरातला सागवानी पलंग यांना रंग लावणं म्हणजे वस्तूची किंमत आपल्याच हाताने घालवणं. त्यांना स्वच्छता आणि पॉलिश पुरतं. शिसवी लाकूड काळपट-जांभळट आणि हाताला जड लागतं. शंका आली तर रंगाचा डबा उघडण्याआधी एखाद्या जाणत्या मेस्ताला बोलवून दाखवा. चॉक पेंट शोभतो तो साध्या कामावर: आंब्याच्या फळ्यांचं कपाट, फणसाचं जुनं टेबल, ठिकठिकाणी ठिगळं लावलेला पेटारा, तीन वेळा ऑइल पेंट मारलेली शाळेतली खुर्ची. वेताची वीण मात्र कुठल्याच वस्तूवर रंगवू नका, वाकली की रंग तडकतो. सैल झालेली वीण खालून गरम पाण्याच्या फडक्याने भिजवून वाऱ्याला ठेवा, सुकताना बरीचशी ताणून बसते.

कागदपत्रं म्हणाल तर फार नाहीत, पण एवढी ठेवा:

- दुकानाचं बिल. खासगी विक्री असेल तर वस्तूचं वर्णन, रक्कम, तारीख आणि विकणाऱ्याची सही असलेली चिठ्ठी.
- वस्तूचे घेतानाचे फोटो.
- गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवी किंवा मोलेचा नाका ओलांडून सामान येत असेल तर ही दोन्ही टेम्पोवाल्याच्या हातात.

वस्तू शंभर वर्षांहून जुनी निघाली तर आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार अशी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या भाच्याला भेट द्यायचा बेत असेल तर आधी चौकशी करा.

३. सामान

- मॅट फिनिशचं प्लास्टिक इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यावर चालणारा रंग, एक लिटर. दुकानात मशीनवर हवी ती छटा करून मिळते.
- चॉक पावडर, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. हार्डवेअरच्या दुकानात व्हाइटिंग किंवा चॉक मिट्टी म्हणून मागा.
- चपडा आणि स्पिरिट.
- पॉलिश पेपर: १२०, २२० आणि ३२० नंबरचे.
- लाकडाची लांबी, फेविकॉल, दोन-तीन शिकंजे (क्लॅम्प).
- दोन इंची चपटा ब्रश आणि कोपऱ्यांसाठी एक इंची. केस गळणारा स्वस्त ब्रश घेऊ नका.
- मलमलचं फडकं, जुन्या सुती कपड्यांच्या चिंध्या, मास्क, हातमोजे.
- शेवटच्या हातासाठी मधमाश्यांचं मेण आणि टर्पेंटाइन, किंवा पाण्यावर चालणारं मॅट पीयू (पॉलियुरेथेनचं वार्निश).

डिस्टेंपर स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका. हात फिरवला की त्याची पूड निघते. ऑइल पेंटमध्ये चॉक पावडर घालून चॉक पेंट होत नाही. भिंतीची पांढऱ्या सिमेंटची पुट्टीही लाकडाला वापरू नका, लाकूड हललं की ती तडकते. शाळेतल्या खडूंची पूड करायचा मोह होतो, पण आपल्याकडचे बरेच खडू जिप्समचे असतात आणि मिश्रणात कणी राहते.

४. किडा आधी, रंग नंतर

वस्तू घरात आणल्या आणल्या खोलीत नेऊ नका. पडवीत किंवा मांडवाखाली चिऱ्यांवर उचलून ठेवा, खालून वारा खेळू द्या.

तीन जीव शोधायचे. वाळवी मातीची नळी करून येते आणि लाकूड ठोकल्यावर पोकळ वाजतं. भुंगा, म्हणजे लाकूड पोखरणारी कीड, बारीक गोल भोकं ठेवते. भोकं दिसली म्हणजे कीड जिवंत आहेच असं नाही. खाली काळा कागद अंथरून आठवडाभर थांबा. कागदावर ताजी फिकट पूड पडली तर कीड चालू आहे. पडली नाही तर ती भोकं जुनी, लांबीने बुजवा आणि विसरा. तिसरा जीव ढेकूण. गादी लावलेल्या खुर्च्या आणि पलंगांच्या सांध्यांत काळे ठिपके दिसले की सावध व्हा. गादी काढून टाका आणि सांध्यांत उकळतं पाणी घाला. पाणी घातलेलं लाकूड पुढे पुरेसं वाळवावं लागेल, तेवढे दिवस जास्तीचे धरा.

चालू किडीवर टर्मिनेटरसारखं लाकडाचं औषध इंजेक्शनच्या सिरिंजने प्रत्येक भोकात सोडा आणि उरलेलं ब्रशने आतल्या, न रंगवायच्या बाजूंना लावा. डब्यावरच्या सूचना पाळा, हातमोजे घाला, मुलं आणि मांजरं लांब ठेवा. वस्तू प्लास्टिकमध्ये गुंडाळून काही दिवस ठेवली तर औषध लगेच उडून जात नाही. अन्नधान्य ठेवायच्या कपाटाच्या आतून मात्र हे औषध लावू नका. तिथे किडकी फळी बदललेली बरी.

मग वाळवण. पहिले काही दिवस सावलीत वाऱ्याला, नंतर सकाळचं ऊन. एकदम कडक उन्हात ठेवलेल्या जुन्या फळ्या चिरतात आणि वर चिकटवलेलं पातळ लाकूड फुगून सुटतं. अडकणारा खण सहज सरकायला लागला की लाकूड बरंच वाळलं असं समजा. ओलावा मोजायचं छोटं यंत्र ऑनलाइन मिळतं. हे काम वारंवार करणार असाल तर ते घ्याच. आकडा १५ टक्क्यांच्या खाली आला की पुढे जा.

५. धुणं, घासणं आणि जुन्या रंगातलं शिसं

बुरशी असेल तर मास्क लावून बाहेरच ब्रशने झाडा. घरात झाडलीत तर ती घरभर होईल. मग पाण्यात व्हिनेगर घालून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. तेलकट, चिकट थर असेल, विशेषतः देव्हाऱ्याजवळच्या आणि स्वयंपाकघरातल्या वस्तूंवर असतोच, तर कोमट पाण्यात धुण्याचा सोडा चिमूटभर घालून पुसा, पुन्हा साध्या पाण्याने पुसा. या थरावर दिलेला रंग सालीसारखा निघतो.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. १ नोव्हेंबर २०१७ पासून भारतात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर ठेवता येत नाही. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, खास करून पिवळ्या, लाल, हिरव्या चकचकीत रंगांत, शिसं भरपूर असू शकतं. ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. म्हणून जुना रंग कोरडा घासायचा नाही, मशीन लावून तर मुळीच नाही, आणि ब्लोअरने किंवा बत्तीने जाळून काढायचाही नाही. रंग घट्ट बसलेला असेल तर वॉटर पेपर पाण्यात बुडवून फक्त चमक मरेल इतकं हलकं घासा, चिखल फडक्याने टिपून पिशवीत बंद करा आणि पुढे चपड्याने थर झाकून टाका. रंग पापुद्रे सुटून निघत असेल तर त्या वस्तूचा नाद सोडा. जुना रंगवलेला पाळणा आणि मुलांची खुर्ची यांच्या बाबतीत तर मी विचारही करत नाही.

रंग नसलेलं किंवा फक्त पॉलिश असलेलं लाकूड १२० नंबरने, मग २२० नंबरने घासा, नेहमी रेषेच्या दिशेने. लाकूड गुळगुळीत करायची गरज नाही, वरची चमक गेली की झालं. हलणारे सांधे उघडून फेविकॉल भरा, शिकंजात एक रात्र दाबा. भेगांत लांबी भरा, वाळल्यावर घासा. धूळ ओलसर फडक्याने दोनदा पुसा.

६. चपड्याचा हात

व्हिडिओ ही पायरी गाळतात आणि आपल्याकडे नेमकी तीच लागते. सागवान, शिसवी, फणस या लाकडांत रंगद्रव्यं आणि टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. पाण्याचा रंग लागला की ते विरघळून वर येतं. पांढरं कपाट दुसऱ्या दिवशी ठिकठिकाणी पिवळट-गुलाबी दिसायला लागतं. लोक त्यावर तिसरा, चौथा हात देतात आणि डाग पुन्हा वर येतो. रंगाचे हात वाढवून तो झाकला जात नाही, त्याला चपडाच अडवतो.

एक लिटर स्पिरिटला साधारण सव्वाशे ग्रॅम चपडा काचेच्या बरणीत रात्रभर भिजत ठेवा, मधूनमधून हलवा. सकाळी मलमलमधून गाळा. बरणी आणखी एक-दोन दिवस न हलवता ठेवली तर मेण तळाला बसतं. वरचं निवळ तेवढं वापरा. दोन पातळ हात द्या, मध्ये तासभर थांबा, शेवटी ३२० नंबरने हलकंसं घासा. गाठी आणि गंजाचे जुने डाग असतील तिथे तिसरा हात.

हे स्पिरिट विषारी आहे आणि पेट घेतं. गॅस, समई, उदबत्ती यांच्यापासून लांब, उघड्या जागेत काम करा. जुनाट चपड्याचं पॉलिश नीट सुकत नाही, चिकट राहतं. म्हणून लागेल तेवढंच भिजवा.

७. रंग कालवणं

प्रमाण सोपं: तीन वाट्या इमल्शन, एक वाटी चॉक पावडर, आणि पावडर भिजेल इतकं पाणी, अर्ध्या वाटीपासून सुरुवात. क्रम मात्र चुकवू नका. आधी पावडर चाळा, तिच्यात पाणी घालून गुठळी न राहता पेस्ट करा आणि मग ती पेस्ट रंगात ओता. कोरडी पावडर थेट रंगात टाकलीत तर गाठी फोडत बसाल. मिश्रण आंबोळीच्या पिठाइतकं दाट हवं. मलमलमधून गाळून घ्या.

प्लास्टर ऑफ पॅरिसनेही हा रंग होतो आणि पकड चांगली येते, पण ते डब्यातच घट्ट व्हायला लागतं. तासा-दोन तासांत संपेल इतकंच कालवावं लागतं, आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतलंत तर प्लंबरला बोलवावं लागतं. नवख्यांनी चॉक पावडरच घ्यावी. तिचं मिश्रण घट्ट झाकणाच्या डब्यात टिकतं, तरी आपल्या उकाड्यात पंधरवड्यात संपवा. पाणी घातलेल्या रंगाला वास येऊ लागतो.

पावडरीने छटा फिकी होते. म्हणून दुकानात हवी त्यापेक्षा एक पायरी गडद निवडा आणि कालवलेला रंग खणाच्या तळाला लावून, वाळवून, वर मेण घासून पाहा. मेणाने ती पुन्हा थोडी गडद होते. पाव लिटर मिश्रणात साध्या लाकडी खुर्चीचे दोन हात होतात.

८. रंगाचे हात

पहिला हात पातळ आणि ओबडधोबड दिसतो, घाबरू नका. ब्रश एकाच दिशेने ओढा आणि सुकायला लागलेल्या जागेवर परत जाऊ नका. कोरड्या दिवसांत दोन हातांमध्ये तीन-चार तास पुरतात, हवा दमट असेल तर रात्र जाऊ द्या. मध्ये ३२० नंबर फिरवून धूळ पुसा. दुसऱ्या हाताने बहुतेक काम होतं.

खणाच्या बाजू आणि दाराच्या कडा रंगवू नका, निदान घट्ट बसणाऱ्या तरी नाहीच. जानेवारीत सहज सरकणारा खण जुलैत फुगतो, रंगाचा थर मध्ये आला की अडकतो, आणि ओढताना रंग सोलून निघतो. तिथे नुसतं मेण घासा.

कडा झिजवून जुनाट दिसणं आवडत असेल तर २२० नंबरने जिथे खरोखर हात लागतो तिथेच घासा: मुठीभोवती, खुर्चीच्या हातांवर. सगळीकडे सारखं घासलं की नाटकी दिसतं. ज्या वस्तूवर खाली जुना ऑइल पेंट आहे तिच्यावर मात्र हे करू नका. शिशाचं कारण वर आलंच आहे.

९. वरचं संरक्षण

नुसता चॉक पेंट उघडा ठेवला तर पाण्याचा थेंबही डाग पाडतो. मेण की पीयू, हे वस्तूचा वापर बघून ठरवा. कपाट, आरसा, शोभेचा पेटारा यांना मेण छान. जेवणाचं टेबल, टीपॉय, पडवीतली बाकं यांना पाण्यावर चालणारं मॅट पीयू, दोन-तीन पातळ हात. तेलावरचं वार्निश पांढऱ्या रंगावर पिवळं पडतं. मेण लावल्यावर पीयू धरत नाही, त्यामुळे निर्णय आधी घ्या.

मेण घरी करायचं तर एक भाग मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा. विस्तव पूर्ण बंद करा, आणि मगच तीन भाग टर्पेंटाइन घाला. गार झाल्यावर मलम होतं. फडक्याने अगदी पातळ लावा, थोड्या वेळाने कोरड्या फडक्याने चोळा. घरात खोबरेल आहे म्हणून ते मेणात मिसळू नका. ते सुकत नाही, चिकट राहतं, धूळ धरतं आणि पावसात त्यावर बुरशी येते. जवसाचं तेल वापरलंत तर त्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

मेण कडक व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर वर फुलदाणी किंवा गरम भांडं ठेवू नका. पुढे दरवर्षी मेच्या शेवटी मेणाचा एक हात पुन्हा द्या, पायांच्या तळांना आधी. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा म्हणजे मागे वारा खेळेल. पावसाळ्यात पांढुरकी बुरशी दिसलीच तर कोरड्या फडक्याने बाहेर नेऊन पुसा, त्या भागावर ओलं फडकं फिरवू नका. मेणाचा नवा हात ऑक्टोबरचं ऊन पडल्यावरच द्या.